खोडलेलं तपासायचं नाही

"शून्य कोणाला पडत नाही," अप्पा म्हणाले. "शून्य पडायलासुद्धा आधी पेपर हरवावा लागतो."

कॉलेजच्या स्टाफरूममध्ये माझ्या बारावीच्या निकालाची प्रिंट त्यांच्या हातात होती. फिजिक्स एक्क्याऐंशी, केमिस्ट्री चौऱ्याऐंशी आणि गणितापुढे वीस. ते वीस प्रॅक्टिकलचे होते, पैकीच्या पैकी. म्हणजे ऐंशी मार्कांच्या लेखी पेपरात माझ्या नावावर भोपळा होता. आणि अप्पा, म्हणजे विट्याचे कणसे सर, त्याच कॉलेजात अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होते. बोर्डाचे पेपर तपासण्यात त्यांच्या वीस उन्हाळ्याच्या सुट्ट्या गेल्या होत्या. बाकीचे मास्तर चहाच्या कपात बघत होते. एकाने धीर करून म्हटलं, "सर, पोरगी बावरली असंल पेपरात."

"माझी मुलगी गणितात बावरत नाही." अप्पांनी माझ्याकडे मान वळवली. "तृप्ती, पेपर सोडवला होतास?"

"हो."

"सगळा?"

"सगळा."

"झालं तर मग," असं म्हणून त्यांनी प्रिंटची घडी खिशात घातली. मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. तरीही त्या खोलीत कोणाच्या नजरेला नजर देणं मला जमेना.

त्याच दिवशी अप्पांनी दोन कामं केली. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी बोर्डाकडे अर्ज केला आणि शेटे मॅडमविरुद्ध तक्रार लिहिली.

गणिताच्या पेपरला गणिताचा मास्तर सुपरव्हिजनला ठेवत नाहीत. त्या दिवशी आमच्या ब्लॉकवर गावातल्या दुसऱ्या संस्थेच्या हायस्कुलातून छाया शेटे मॅडम आल्या होत्या. त्यांचा विषय भूगोल. अप्पांचं म्हणणं असं, की बाईंनी बारकोडची स्टिकरं वाटताना घोळ घातला. माझा पेपर भलत्याच्या नावावर गेला आणि कुठल्या तरी कोऱ्या पेपरावर माझं स्टिकर बसलं. तक्रारीची एक प्रत परीक्षा केंद्राच्या निकम सरांना गेली, एक मॅडमच्या संस्थेला, आणि तिसरी अप्पांनी तोंडी गावभर वाटली.

खरं सांगायचं तर अप्पांचा मॅडमवरचा राग जुना होता. त्यांनी मला आठवी ते दहावी भूगोल शिकवला होता. एरवी भूगोल म्हणजे राजधान्या पाठ करायच्या आणि नकाशात रंग भरायचे. मॅडम आम्हाला शाळेमागच्या ओढ्यात उतरवायच्या आणि विचारायच्या, हे पाणी पाऊस संपल्यावरही इथेच का टिकतं, पलीकडच्या ओढ्यात का टिकत नाही. मी त्या प्रश्नांनी वेडी झाले. आमच्या भागात पाऊस का चुकतो हे ज्या शास्त्रात कळतं, ते सोडून दुसरं काही शिकण्यात मला अर्थ वाटेना.

दहावीला एक्क्याण्णव टक्के पडले तेव्हा मॅडम आपणहून घरी आल्या. "सर, तिला भूगोलात फार चांगली गती आहे. आर्ट्सला घातलंत तर खूप पुढे जाईल."

अप्पांनी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. "एक्क्याण्णव टक्केवाली पोर आर्ट्सला? भूगोल घेऊन काय करणार ती, एस.टी.च्या पाट्या रंगवणार?"

"मी भूगोलच शिकवते, सर."

"म्हणून तर सांगतोय."

मॅडम आल्या तशा परत गेल्या. आईने ठेवलेला चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी माझा अकरावी सायन्सचा फॉर्म कॉलेजच्या स्टाफरूममध्ये भरला गेला. मी तो बघितलाही नाही. माझ्या सहीच्या जागी सहीसुद्धा दुसऱ्याच कोणी तरी ठोकली होती. मी तीन दिवस जेवले नाही, तर अप्पा म्हणाले, "उपाशी माणसाला गणित चांगलं सुटतं." चौथ्या दिवशी मी जेवले, कारण भूक लागली होती.

पुढची दोन वर्षं पहाटे पाचला गणित, संध्याकाळी गणित. पुढे इंजिनिअरिंग, तेही पुण्याला, हे ठरलेलं. मी शब्दाने विरोध करायचं सोडून दिलं. घरात माझ्या गप्प बसण्याला शहाणपण म्हणत.

जूनच्या शेवटी बोर्डाचं पाकीट आलं. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. पोस्टमन आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे ठेवून गेला होता. आई कांदे चिरत होती. अप्पांनी पाकीट टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि लाल पेन काढलं. सवयच ती. छापलेला कागद हातात आला की त्यांना लाल पेन लागायचं.

"ये इकडं. कुठल्या गाढवाचा पेपर तुझ्या माथी मारलाय ते बघू."

मी टेबलाच्या कडेला जाऊन उभी राहिले. त्या पाकिटात काय आहे हे त्या घरात एकट्या मला ठाऊक होतं.

पहिलं पान उघडलं आणि अप्पा थांबले. अक्षर माझं होतं. सात मी आडव्या दांडीचा काढते, तो त्यांनीच शिकवलेला. पहिला प्रश्न अचूक सोडवलेला होता. आणि त्या उत्तरावरून, वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत, पट्टीने ओढलेली एक सरळ रेघ होती. दुसऱ्या पानावर तशीच रेघ. तिसऱ्यावर, चौथ्यावर, पुरवणीवर. एकही उत्तर सुटलं नव्हतं.

खोडायचं तर पट्टीने, एकाच रेघेत, गिरगटायचं नाही, हेही त्यांनीच शिकवलं होतं. आणि खोडलेलं तपासायचं नाही, हा बोर्डाचा नियम त्यांच्याइतका कडक कोणी पाळला नसेल. ज्याने खोडलं त्याने ते आपलं म्हणायचं सोडलं, असं ते वर्गात सांगत. बोर्डाच्या परीक्षकाने काही चूक केली नव्हती. रेघ बघितली, शून्य दिलं.

कोरा पेपर देणं सोपं होतं. पण कोरा दिला असता तर अप्पा म्हणाले असते, पोरीला येत नाही, अजून एक क्लास लावा. मला येतं, आणि येत असूनही नको आहे, हे त्यांना दिसायला हवं होतं. ते झेरॉक्स मागवणार याची मला खात्री होती. तो पेपर मी बोर्डासाठी लिहिलाच नव्हता.

अप्पांनी खुर्ची पुढे ओढली आणि पेपर तपासायला घेतला. रेघांच्या खालून. प्रत्येक पायरीला बरोबरची खूण, समासात मार्क. अर्धा तास घरात फक्त पानं उलटल्याचा आवाज येत होता. आईच्या हातातला कांदा अर्धाच राहिला होता. शेवटी त्यांनी पहिल्या पानावर बेरीज मांडली आणि गोल केला. शहात्तर.

"चार गेले," ते म्हणाले. "इंटिग्रेशनला प्लस सी लिहिलं नाहीस. दोन ठिकाणी."

मला हसू आलं, आणि लगेच भीती वाटली. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि पेन बाजूला ठेवलं.

"हे कुणी शिकवलं तुला? त्या शेटेबाईनं?"

"कुणी नाही."

"पुन्हा बसायचं. ऑक्टोबरला."

"बसते. पुन्हा खोडीन."

त्यांनी हात उगारला. आजवर कधी उगारला नव्हता. मी हलले नाही. मनात आलं, मारा एकदाचं, म्हणजे माझं तुम्हाला काहीच देणं राहणार नाही. हात तसाच खाली आला आणि टेबलावर पडला.

"दोन ठिकाणी लेखी तक्रार दिलीय मी," ते म्हणाले, मला नव्हे, समोरच्या भिंतीला. "गावात तोंड काढायचं कसं? कणशाच्या पोरीनं बापाच्या विषयात पेपर खोडला, म्हणून?"

तेव्हा आई पदराला हात पुसत पुढे आली. आमच्या भांडणात ती कधी पडत नसे. दोघंही दमलो की ताट वाढायची.

"सांगायचंच कशाला कुणाला?" ती म्हणाली. "हा कागद आपल्या तिघांशिवाय कुणी बघितलाय का? ऑक्टोबरला ती नीट लिहील आणि पास होईल. मग तिला काय शिकायचं ते शिकू दे. तुम्ही बाहेर आत्ता जे सांगताय तेच सांगा. ती गप्प बसेल. बसशील ना गं?"

"आणि शेटे मॅडम?" मी विचारलं.

"त्यांना काय फासावर देतायत? मोठी माणसं आहेत, बघून घेतील."

अप्पा माझ्याकडे बघत होते. बारा वर्षं एका टेबलावर गणितं सोडवली आम्ही, पण माझ्या उत्तराची वाट बघताना ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसले.

"बी.ए. करीन," मी म्हटलं. "सांगलीला. भूगोल घेऊन. होस्टेलला राहून."

"कर," अप्पा म्हणाले. "माझ्या डोळ्यांसमोर करू नकोस म्हणजे झालं."

असा माझा विषय ठरला. त्या टेबलावर तिघंही आपापल्या मनासारखं घेऊन उठलो. राहिलेले कांदे आईने चिरले आणि पोहे केले. मी खाल्ले. चवही लागली, हे मी मुद्दाम सांगते.

आठवड्याने निकम सरांनी चौकशीला बोलावलं. निकम सर अप्पांचेच जुने विद्यार्थी. केंद्राचे प्रमुख म्हणून खुर्चीत ते बसलेले, पण अप्पा आत आल्यावर अर्धवट उठले आणि मग उठावं की बसावं असं त्यांचं झालं. शेटे मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. महिन्याभरात उतरल्या होत्या. त्यांच्या संस्थेने चौकशी होईपर्यंत त्यांच्याकडचे दहावीचे वर्ग काढून घेतले होते, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे न बघता बसले.

"सर, झेरॉक्स आली म्हणालात," निकम सरांनी सुरुवात केली.

"आली. पेपर माझ्या मुलीचा नाही."

"अहवालाला जोडायला एक प्रत मिळाली असती तर..."

"निकम, तुला लॉगॅरिदम कुणी शिकवलं? माझ्या शब्दाला आता तू पुरावा जोडणार?"

निकम सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटतं, नुसती तारीख लिहिली असावी.

"बोर्डाशी भांडायला मला वेळ नाही," अप्पा पुढे म्हणाले. "पोरीचं वर्ष गेलं ते गेलं. ऑक्टोबरला बसवतो. पण पुन्हा कुणाच्या लेकराचं असं होऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे."

त्यांच्या आवाजात नुकसान सोसलेल्या माणसाचा मोठेपणा इतका छान उतरला होता, की क्षणभर मलाही तो खरा वाटला.

"मला काही विचारणार आहात का?" मॅडमनी विचारलं.

"बोला ना, मॅडम."

"स्टिकर मी प्रत्येकाच्या सीट नंबरशी दोनदा ताडून बघितलंय. चूक झालेली नाही. आणि दुसरं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं नाही, नुसतं बघितलं. "शेवटच्या वीस मिनिटांत ही मुलगी पट्टी घेऊन आपली उत्तरं खोडत होती. एकामागून एक पान. मी डोळ्यांनी बघितलंय."

अप्पा हसले. "ऐकलंस निकम? सोडवलेला पेपर पोरगी आपल्या हातानं खोडते. कशासाठी, बाई?"

"कशासाठी ते तुम्हाला ठाऊक आहे, सर."

"मॅडम, मग त्याच वेळी का नाही सांगितलंत?" निकम सर म्हणाले.

"उत्तरांबद्दल बोलायची आम्हाला मनाई असते, हे तुम्हीच मीटिंगमध्ये बजावलं होतं. मी तिच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले. बरं वाटतंय ना, एवढं विचारलं. हो म्हणाली."

ते खरं होतं. त्यांची सावली पानावर पडली होती. मी वर बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि त्या तिथून लवकर हलल्याही नव्हत्या. माझी पुढची रेघ तेवढी वाकडी गेली होती.

निकम सर माझ्याकडे वळले. त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. कागदावर कोणाचं तरी वाक्य हवं होतं, आणि अठरा वर्षांच्या मुलीचं वाक्य घेणं सगळ्यांत सोपं होतं.

"तृप्ती, तूच सांग बाळा. तू पेपर खोडलास?"

मॅडम खुर्चीत थोड्या सैल झाल्या. मला ते नीट आठवतं. आता सुटले, अशा त्या टेकून बसल्या. माझ्यावर त्यांचा तेवढा भरवसा होता. अप्पा समोरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"पेपर मी पूर्ण सोडवला होता. खोडला नाही."

मॅडमनी पर्स उचलली, निकम सरांनी पुढे केलेल्या कागदावर सही केली आणि गेल्या. अप्पांनी बाहेर आल्यावर मला स्कूटरवर मागे बसवलं आणि बाजारातून घरी आणलं. त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. माझी लाज त्यांना वाटत होती की स्वतःची, ते मी कधी विचारलं नाही. मलाही त्यांचा राग करायला आता पूर्वीसारखी मोकळीक उरली नव्हती, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

ऑक्टोबरला मी गणिताचा पेपर न खोडता दिला. ऐंशीपैकी अठ्ठ्याहत्तर पडले. तेवढ्याने गावाची उरलीसुरली शंका फिटली. ज्या पोरीला अठ्ठ्याहत्तर पडतात तिला आधी शून्य कसं पडेल, असं लोक एकमेकांना विचारायचे आणि आपणच उत्तर द्यायचे. माझ्याच मार्कांनी मॅडमवरचा आरोप पक्का केला. अप्पांना ज्याने त्याने हात जोडून सांगितलं, सर, तुमचं खरं होतं. मॅडमची सेवाज्येष्ठता डावलून हेडमास्तरकी दुसऱ्याला गेली आणि त्यांची बदली तिकडे जतच्या पलीकडे संस्थेच्या एका शाखेत झाली. मला ते आईने भाकरी वाढता वाढता सांगितलं, आणि वर म्हणाली, "तिथं हवा चांगली आहे म्हणे."

पुढच्या जूनमध्ये मी बॅग घेऊन सांगलीच्या गाडीसाठी स्टँडवर उभी होते. शेजारच्या फलाटावर मॅडम होत्या. एक पिशवी, एक वळकटी आणि सुतळीने बांधलेली नकाशांची गुंडाळी. मला वाटलं, त्यांनी मला बघितलं नसावं. पण त्या सरळ चालत आल्या.

"सांगली?"

"हो, मॅडम."

"बी.ए.?"

"हो."

"विषय?"

मी बॅग या हातातून त्या हातात घेतली. त्या थांबून राहिल्या. वर्गात कोणी उत्तर देताना अडखळलं की त्या अशाच थांबायच्या, मुलाला वेळ द्यायच्या.

"भूगोल."

त्यांनी मान हलवली. मी बोलायला लागले, "मॅडम, मी तेव्हा..." त्यांनी हात वर केला.

"तुला काय मिळालं ते मला आत्ता कळलं. मला वाटलं होतं, घाबरून बोललीस. घाबरून बोलली असतीस तर मी विसरून गेले असते."

त्यांची गाडी लागली. नकाशांची गुंडाळी त्यांनी काखेत मारली.

"चांगलं शिकशील तू. डोकं आहे. फक्त एक कर. भूगोल कुणी शिकवला म्हणून कुणी विचारलं, तर माझं नाव सांगू नकोस."

आज मी कोल्हापूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला एखादी मुलगी विचारते, मॅडम, तुम्हाला या विषयाची गोडी कशी लागली. मी सांगते, पुस्तकं वाचून.